चार शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून कशी वाचायची आणि कोण कोणासाठी लिहीत होतं ते कसं ओळखायचं

शुभवर्तमानं म्हणजे बायबलच्या नव्या करारातली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं. मत्तयने यहुद्यांसाठी लिहिलं, मार्कने रोमी लोकांसाठी, लूकने ग्रीकांसाठी आणि योहानने सगळ्या जगासाठी, हा चार खान्यांचा तक्ता तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच. मी पण तो पाठ करून टाकला होता आणि बरीच वर्षं त्यावर छान भाव खाल्ला, मग एकदा एकाने सरळ विचारलं की हे कशावरून म्हणतोस, मजकुरातली एक ओळ दाखव, आणि माझी बोलतीच बंद झाली. तक्ता अगदी चुकीचा आहे असं नाही, पण ते गणिताचं उत्तर आहे आणि आपल्याला रीत येत नाही, अशी गत. तर रीत कशी करायची ते लिहितोय. श्रद्धेने वाचणारा असो की नुसता अभ्यास म्हणून वाचणारा, दोघांनाही तीच चालते.

आधी तयारी. चारही शुभवर्तमानं एकाच भाषांतरातून घ्या, कारण भाषांतर बदललं की शब्द बदलतात आणि मग फरक मत्तय-मार्कचा की भाषांतरकाराचा हेच कळेनासं होतं. फार सोपं करून लिहिलेलं भाषांतर टाळा, त्यात खाचखळगे बुजवलेले असतात आणि आपल्याला खाचखळगेच हवेत. मग एक प्रसंग निवडा, एकच, अख्खं पुस्तक नाही, आणि तो ज्या ज्या शुभवर्तमानात आहे तिथून कॉपी करून एका आडव्या पानावर कॉलम पाडून पेस्ट करा, प्रिंट काढा. असे कॉलमवाले तयार ग्रंथ पण मिळतात, त्यांना सिनॉप्सिस म्हणतात, जर्मन अभ्यासक ग्रीसबाख यांनी १७७०च्या दशकात मत्तय, मार्क, लूक असे शेजारी छापले तेव्हापासून हा शब्द रूढ झाला आणि त्यावरूनच या तिघांना सिनॉप्टिक म्हणतात, म्हणजे एकत्र बघता येण्यासारखी. पण पहिले दोन-तीन प्रसंग स्वतः कापून चिकटवा, हाताने केलं की डोळा बसतो.

आता काय करायचं नाही ते. चार गोष्टींची मिळून एक गोष्ट करायची नाही. हा मोह फार जुना आहे, दुसऱ्या शतकात, साधारण १७०च्या सुमाराला, तातियान नावाच्या सीरियन माणसाने चारही शुभवर्तमानं विणून एकच सलग कथा केली, दियातेस्सारोन म्हणतात तिला, आणि सिरियाक (येशूच्या अरामी भाषेची एक बोली) बोलणाऱ्या चर्चमध्ये ती पाचव्या शतकापर्यंत वापरात होती. वाचायला सोयीचं, पण आपल्या कामासाठी एकदम निरुपयोगी, कारण एकदा खिचडी झाली की डाळ कोणाची आणि तांदूळ कोणाचा ते सांगता येत नाही. नाताळच्या देखाव्यात मेंढपाळ आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, एकाच गोठ्यात उभे असतात ना, तीच खिचडी. मेंढपाळ फक्त लूककडे आहेत, मागी फक्त मत्तयकडे, आणि मत्तयच्या गोष्टीत गोठा नाहीच, ते घरात येतात.

चला, एक प्रसंग करून बघू. पक्षघात झालेल्या माणसाला त्याचे लोक खाटेवरून घेऊन येतात आणि येशू त्याच्या पापांची क्षमा करून त्याला बरं करतो तो. मार्क २:१-१२ (म्हणजे दुसरा अध्याय, वचनं १ ते १२), मत्तय ९:१-८, लूक ५:१७-२६. तीन रंगाच्या पेन्सिली घ्या, तिघांत जे शब्दशः सारखं आहे त्याला एक रंग, दोघांतच आहे त्याला दुसरा, आणि एकट्याकडेच आहे त्याला तिसरा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी पहिल्या रंगानेच चक्रावलो, कारण येशू बोलता बोलता मध्येच थांबून त्या माणसाकडे वळतो ती अर्धवट तुटलेली वाक्यरचनासुद्धा तिघांत सारखी आहे. तीन साक्षीदार वेगवेगळे सांगत असते तर इतकं जुळलं नसतं, म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी लिखाण समोर ठेवून लिहिलंय. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सगळ्यात आधीचा, सन ७०च्या आसपासचा, आणि मत्तय-लूक दोघांनी तो समोर ठेवून पुढच्या दहा-वीस वर्षांत लिहिलं, शिवाय त्या दोघांकडे येशूच्या वचनांचा आणखी एक समान साठा होता ज्याला क्यू म्हणतात. क्यूचं हस्तलिखित सापडलेलं नाही आणि तो नव्हताच म्हणणारेही अभ्यासक आहेत, पण मार्क आधीचा एवढं गृहीत धरलं तरी आपलं काम भागतं, कारण मग फरक म्हणजे नंतरच्या माणसाने मुद्दाम केलेलं एडिटिंग ठरतं.

आता तिसरा रंग बघा, खरी मजा तिथे आहे. मार्कमध्ये गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून ते लोक छप्पर उघडतात, आणि त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद खणण्याचं आहे. छप्पर खणतात म्हणजे ते लाकडाच्या वाशांवर फांद्या आणि माती थापलेलं सपाट धाबं असणार, गालीलातली घरं तशीच असायची. लूककडे या, तिथे खाट खाली सोडतात ती कौलांमधून, केरामोस असा शब्द आहे, भाजलेल्या मातीची कौलं. म्हणजे लूकच्या किंवा त्याच्या वाचकांच्या डोळ्यासमोर भूमध्य समुद्राकाठच्या ग्रीक-रोमी शहरातलं कौलारू घर आहे, आणि त्याने ते सहज, न सांगता बदलून टाकलंय. मत्तयने तर छप्परच उडवलं, सगळा प्रसंग गाळला, माणसाला आणतात आणि संपलं. पण पुढे 'त्यांचा विश्वास पाहून' हे वाक्य मात्र तसंच ठेवलं, आता छतावर न चढता त्यांचा विश्वास दिसला कुठून, हे मार्क वाचल्याशिवाय कळत नाही. आणि शेवटाला मत्तयचे लोक देवाचं गौरव करतात ते त्याने 'माणसांना' असा अधिकार दिला म्हणून, अनेकवचन, जे इतर दोघांत नाही. पापांची क्षमा करायचा अधिकार आपल्या मंडळीलाही (म्हणजे ख्रिस्ती समुदायालाही) आहे असं मानणारे लोक मत्तयसमोर बसलेत की काय, असा संशय इथे यायला हरकत नाही. संशयच म्हणा, पुरावा नाही, वहीत पेन्सिलने लिहा.

असं एक घर जमलं की पुढे मत्तय ७:२४-२७ आणि लूक ६:४७-४९ लगेच करून घ्या, खडकावरचं घर. मत्तयमध्ये जागा निवडायचा प्रश्न आहे, खडक की वाळू, पाऊस पडला की कोरड्या ओढ्याला लोंढा येणार त्या प्रदेशातला. लूकमध्ये तो माणूस खोल खणतो आणि पाया घालतो, दुसरा पायाच घालत नाही. उपदेश एकच, बांधकाम वेगळं.

आता मुख्य युक्ती. प्रत्येक प्रसंगात स्वतःला विचारायचं, लेखक काय समजावून सांगतोय? माणूस समजावतो कधी, तर समोरच्याला माहीत नाही असं वाटतं तेव्हा. घरातल्या माणसांशी बोलताना आपण नाती उलगडून सांगत नाही, पाहुण्याला सांगतो. मार्क ७ उघडा, परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ, विचारतात की तुझे शिष्य हात न धुता का जेवतात, आणि मार्क मध्येच थांबून दोन वचनं खर्ची घालतो की परुशी आणि सगळे यहूदी हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, बाजारातून आले की शुद्ध होतात, प्याले-घागरी धुतात वगैरे वगैरे. हाच प्रसंग मत्तय १५ मध्ये, तिथे खुलासा गायब, सरळ प्रश्नावर. मत्तयच्या वाचकाला हे सांगायची गरजच नाही, तो कदाचित स्वतःच हात धुऊन बसलाय. पण तेवढ्यावर थांबू नका, खाली उतरा. मार्क ७:१९ मध्ये लेखक स्वतःचा शेरा मारतो की असं म्हणून त्याने सगळं अन्न शुद्ध ठरवलं. मत्तय तो शेरा गिळून टाकतो आणि शेवट करतो की हात न धुता जेवल्याने माणूस विटाळत नाही. केवढा फरक आहे बघा, मार्कने अख्खा आहाराचा नियम मोडीत काढला आणि मत्तयने वाद हात धुण्यापुरताच ठेवला. एका खुलाशाचं असणं-नसणं आणि एका शेऱ्याचं असणं-नसणं, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, अशी जोडी मिळाली की मग पेन्सिल सोडून पेन घ्यायला हरकत नाही.

मार्कच्या भाषांतराच्या सवयीकडे पण लक्ष ठेवा. तलिथा कूम म्हणजे मुली ऊठ, एफ्फाथा म्हणजे मोकळा हो, कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेलं, अरामी शब्द आला की लगेच अर्थ. आणि गरीब विधवेच्या दानाची गोष्ट, १२:४२, ती दोन लेप्ता टाकते, आणि मार्क सांगतो म्हणजे एक कोद्रांतेस. लेप्ता पूर्वेकडचं चिल्लर नाणं, कोद्रांतेस हे रोमी क्वाद्रान्सचं ग्रीक रूप. म्हणजे तो वाचकाला रोमी नाण्यात हिशोब करून देतोय. लूक २१:२ मध्ये हा हिशोब नाही. इथे एक सावधगिरी, मी स्वतः इथे तोंडावर आपटलोय. कोद्रांतेस शब्द दिसला म्हणजे वाचक रोमचे असं म्हणून मोकळं होऊ नका, कारण तोच शब्द मत्तय ५:२६ मध्ये पण आहे, लष्कर आणि कर यांच्याबरोबर लॅटिन शब्द साम्राज्यभर पसरलेच होते. मार्कमध्ये वजन आहे ते त्या शब्दाला नाही, एका नाण्याचा दुसऱ्या नाण्यात अर्थ सांगण्याला आहे. म्हणूनच काही अभ्यासक मार्कला रोममध्ये बसवतात आणि काही सीरियात, भांडण अजून मिटलेलं नाही.

समजावण्याच्या उलट म्हणजे गृहीत धरणं, आणि हे पकडायला जास्त अवघड कारण जे लिहिलंच नाही ते दिसणार कसं. पण एक झकास नमुना आहे. मार्क १५:२१, येशूचा वधस्तंभ वाहायला कुरेनेकर शिमोनाला वेठीला धरतात, आणि मार्क म्हणतो हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. हे दोघं कोण? मार्कभर परत कुठे त्यांचा पत्ता नाही. बापाची ओळख मुलांच्या नावावरून कोण करून देतं, तर जो मुलांना ओळखणाऱ्यांशी बोलतोय तो, 'अरे आपल्या रूफचे वडील' असं. मत्तय आणि लूक दोघांनी शिमोन ठेवला, पोरं काढून टाकली, त्यांच्या वाचकांना ती नावं म्हणजे कोण कुठले. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याने रोमकरांना पाठवलेल्या पत्रात शेवटी एका रूफला सलाम आहे, तोच असेल का नसेल, नाव तेव्हा सर्रास होतं, पण मन तिकडे धावतंच.

मग बदल. एकच वाक्य, दोन हात, आणि मध्ये एक शब्द घुसलेला किंवा निसटलेला. मार्क १३:१८, संकटात पळून जावं लागेल तेव्हा ते हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा. मत्तय २४:२०, हिवाळ्यात किंवा शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, होऊ नये म्हणून. शब्बाथाला लांब पळायची अडचण कोणाला, तर जो शब्बाथ पाळतो त्याला. तसंच घटस्फोट, मार्क १०:१२ म्हणतो बायकोने नवऱ्याला सोडून दुसरं लग्न केलं तर तीही व्यभिचार करते. रोमी कायद्यात बायको घटस्फोट देऊ शकत होती, यहुदी रीतीत सूटपत्र देणारा साधारण नवराच, आणि मत्तय १९:९ मध्ये बायकोचं कलम नाहीच. आणखी एक, मुलीला बरं करायला विनवणारी ती परकी बाई, मार्कसाठी ती ग्रीक, सुरफुनीकी जातीची, म्हणजे त्या काळचा चालू पत्ता. मत्तयसाठी ती कनानी, जुन्या करारातला इस्राएलचा पिढीजात वैरी. हा शब्द ज्याच्या कानाला खटकेल त्याच्यासाठीच तो ठेवलाय. शिवाय मत्तय तिथे वाक्य घालतो की मी फक्त इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांकडे पाठवला गेलोय. लूककडे ही गोष्ट शोधत बसू नका, मार्क ६:४५ ते ८:२६ हा आख्खा पट्टा त्याने घेतलेलाच नाही.

सुरुवात कुठून केली ते पण बघायचं. मत्तयची वंशावळ अब्राहामापासून खाली उतरते, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट करून, आणि हिब्रू अक्षरांना आकडे धरले तर दावीद नावाची बेरीज चौदाच येते, चार अधिक सहा अधिक चार. हा खेळ ज्याला हिब्रू अक्षरांची सवय आहे त्यालाच जास्त रुचणार. लूकची वंशावळ येशूपासून वर चढत आदामापर्यंत जाते, म्हणजे सगळ्या माणसांपर्यंत. लूकची पहिली चार वचनं तर उघडच आहेत, थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून, आणि त्याला लावलेलं आदराचं ग्रीक विशेषण लूकच्याच दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांच्या कृत्यांत, रोमी सुभेदार फेलिक्सलाही लावलंय. कोणीतरी मानाचा, शिकलेला माणूस. मग त्याच चष्म्यातून लूकचा शेवट वाचा, रोमी सुभेदार पिलात तीनदा म्हणतो की या माणसात मला दोष सापडत नाही, आणि वधस्तंभापाशी मार्कचा शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी) जिथे 'हा देवाचा पुत्र होता' म्हणतो तिथे लूकचा शताधिपती म्हणतो हा माणूस खरोखर निर्दोष होता, नीतिमान असाही त्या शब्दाचा अर्थ होतो. रोमी अधिकाऱ्यांच्या तोंडून निर्दोषत्वाचं सर्टिफिकेट, आणि वाचक थियफिलसारखा. आता तुम्हीच जुळवा.

इथवर आलात की तो चार खान्यांचा तक्ता परत काढा आणि त्याला छळा. मत्तय यहुद्यांसाठी ना, मग इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव असा अर्थ त्याने पहिल्याच अध्यायात का दिला? येशूला वधस्तंभावर दिलं ती गुलगुथा म्हणजे कवटीची जागा हे का सांगितलं? वंशावळीत रूथ ही परकी, मवाबी बाई कशाला, पहिले नमस्कार करणारे पूर्वेकडचे मागी कशाला आणि शेवटची आज्ञा सगळ्या राष्ट्रांकडे जा अशी कशाला? म्हणजे वाचक यहुदी परंपरेत मुरलेले पण ग्रीक बोलणारे, आणि दारातून परके लोक आत यायला लागलेत, असं काहीतरी. सीरियातल्या अंत्युखियासारखं मिश्र शहर पुष्कळांना त्यासाठी पटतं. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड बॉकम यांनी तर १९९८ मध्ये मुळावरच घाव घातला, त्यांचं म्हणणं असं की शुभवर्तमानं एकेका गावच्या मंडळीसाठी लिहिलीच नव्हती, मंडळ्यांमध्ये माणसांची आणि कागदांची सतत ये-जा होती, लेखकाला माहीत होतं की हे सगळीकडे फिरणार. मला ते अर्धं पटतं. फिरणार हे माहीत असलं तरी लिहिताना माणूस आपल्या ओळखीच्याच चेहऱ्यांकडे बघून लिहितो, रूफचं नाव त्याशिवाय कसं आलं असतं.

योहानला मुद्दाम शेवटी ठेवलाय, कॉलममध्ये तो बसतच नाही. मंदिरातल्या सराफांना हाकलण्याचा प्रसंग इतर तिघांत शेवटच्या आठवड्यात, योहानमध्ये दुसऱ्याच अध्यायात. शेवटचं भोजन इतर तिघांत वल्हांडणाचं, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या सणाचं, योहानमध्ये येशूला वधस्तंभावर देतात तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस. तेव्हा योहानला शब्दाला शब्द लावायच्या भानगडीत पडू नका, वरची समजावण्याची युक्ती मात्र जशीच्या तशी चालते. रब्बी म्हणजे गुरू, मसीहा म्हणजे ख्रिस्त, यहुदी शोमरोन्यांशी (शेजारच्या शोमरोन प्रांतातल्या लोकांशी) संबंध ठेवत नाहीत, सगळं उलगडून सांगतो. आणि एक शब्द लाल रंगाने गोल करा, अपोसुनागोगोस, सभास्थानाबाहेर, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाबाहेर, टाकलेला. नव्या करारात तो फक्त योहानमध्ये येतो, तीन वेळा, ९:२२, १२:४२ आणि १६:२. येशूने बरं केलेल्या जन्मांधाचे आईबाप घाबरून 'त्यालाच विचारा' म्हणतात ते यामुळेच. हे येशूच्या काळचं चित्र की लिहिणाऱ्याच्या मंडळीला सोसावं लागलेलं, यावर वाद आहे, पण घरातून बाहेर काढल्याची ती जखम ताजी आहे एवढं जाणवतं. योहान 'यहुदी' शब्द विरोधकांसाठी वापरतो तेव्हा हे ध्यानात ठेवा, कारण त्या पानावर येशू, शिष्य, आंधळा, त्याचे आईबाप सगळेच यहुदी आहेत, आणि हे भाऊबंदकीतलं भांडण विसरून त्या ओळी वाचल्याने पुढे शतकानुशतकं फार वाईट गोष्टी झाल्यात.

बायबलात नसलेलं थोमाचं शुभवर्तमान घ्यायचं का असं विचाराल, १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेत सापडलेलं, ११४ वचनं, ना जन्म ना वधस्तंभ. वाचा जरूर, पण तिथे प्रसंगच नसल्यामुळे ही कॉलमची पद्धत वचनांपुरतीच चालेल, आणि आधी चौघांवर हात बसू द्या.

सरावाला वादळाचा प्रसंग घ्या, मार्क ४:३५-४१, मत्तय ८:२३-२७, लूक ८:२२-२५. शिष्य येशूला उठवताना काय हाक मारतात ते तिन्हीकडे बघा, एकाकडे गुरुजी, एकाकडे प्रभू, एकाकडे वेगळाच ग्रीक शब्द, आणि त्या हाकेत तक्रार आहे की प्रार्थना तेही बघा. शिष्यांना ओरडा आधी मिळतो की वारा आधी थांबतो, क्रम लिहून काढा. आणि अडकलात तर उशीपासून सुरुवात करा, येशू जिच्यावर डोकं ठेवून झोपलाय ती, कारण ती तिघांपैकी एकाकडेच आहे.